चाळीस मिनिटांचं सलाईन

केटामाइन हे आम्हा भूलतज्ज्ञांचं जुनं, भरवशाचं औषध. श्वास चालू ठेवतं, बीपी पडू देत नाही. म्हणून माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या छोट्या दवाखान्यांत हाड बसवायचं असो की भाजलेल्या लेकराचं ड्रेसिंग, हात आधी त्याच कुपीकडे जातो. नैराश्यासाठी तेच देताना मात्र हाताची घाई सोडावी लागते.

दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही जे उठत नाहीत, असे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञ पाठवतात. ६० किलोच्या माणसाला भूल द्यायला ६० ते १२० मिलिग्रॅम शिरेतून मिनिटभरात जातं. इथे फक्त ३०, तेही सलाईनमध्ये मिसळून, सिरिंज पंपावर, ४० मिनिटं. येलच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली ही मात्रा आजही चालते.

तोंडावाटे दिलं तर बरंचसं यकृतातच मोडतं, जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात पोचतो. दंडातलं इंजेक्शन जवळजवळ पूर्ण लागू पडतं, पण टोचलेलं परत घेता येत नाही. एस्केटामाइनचा नाकातला फवारा अमेरिकेत २०१९ साली मंजूर झाला. तो महाग, आणि त्यानंतरही दोन तास देखरेख लागतेच. मी शिरेच्याच बाजूचा. पंप हवा त्या क्षणी थांबवता येतो.

आधी दिवे मंद करतो, बीपीचा पट्टा बांधतो आणि काय होईल ते सांगून ठेवतो. ही तयारी मला मात्रेइतकीच महत्त्वाची वाटते. "डॉक्टर, हा हात माझा न्हाई वाटत," कोरेगावकडच्या एक मावशी म्हणाल्या. "तुमचाच हाय मावशी, मी धरलाय." बीपी चढत होतं, म्हणून पंपाचा वेग कमी केला. तासाभरात त्या भानावर आल्या. दुसऱ्या दिवशी सुनेकडे त्यांनी आपण होऊन भाकरी मागितली.

पण एका सलाईनचा गुण आठवडाभरात ओसरू लागतो. म्हणून पुढची सलाईनं, रोजच्या गोळ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या फेऱ्या टाळून चालत नाहीत. औषधाची चटक लागू शकते, वारंवार घेतल्यास मूत्राशय खराब होतं. २०१३पासून ते शेड्यूल एक्समध्ये, कुलपात आणि नोंदवहीत आहे, ते योग्यच.

कुणी घरी घ्यायला केटामाइन देत असेल, तर घेऊ नका. घरात कुणी असं खचलेलं असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि रात्रीही उचलला जातो.