वैनगंगेच्या रेतीत

वारासिवनी हे बालाघाट जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, हातमागाच्या साड्यांसाठी ओळखले जाणारे. १९५६ साली नागपूरकडचे जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु गोंदिया-भंडाऱ्याकडील नातीगोती सीमेने तुटली नाहीत. अशाच एका नात्यातील लग्नासाठी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही तेथे गेलो होतो.

लग्नघरी टरबुजे हवी होती. यजमानांच्या चिरंजीवांसह जुन्या जीपगाडीतून आम्ही वैनगंगेवर गेलो. ही नदी उन्हाळ्यात अंग चोरून एका कडेने वाहते. बाकी सारे पात्र म्हणजे रेती. त्या रेतीत खड्डे करून, खत घालून ढीवर मंडळी डांगरवाड्या लावतात आणि वेलांच्या राखणीसाठी खोपटी घालून तेथेच राहतात. बैलगाड्यांच्या दबलेल्या चाकोरीवरून आम्ही सुखाने खाली उतरलो, टरबुजे भरली. इतक्यात वाडीवाल्याने हात जोडले. आत खोपटीत त्याची म्हातारी आई तापाने फणफणली होती. "दवाखान्यात नेता काय जी?"

म्हातारीला मागे निजविले. घाईत चाकोरी सुटली आणि मागची चाके रुतली. चिरंजीवांनी गाडी जोराने रेटली. चाके जागीच गरगरली, रेती मागे उडाली आणि पाहता पाहता गाडीचे पोट टेकले. "आणखी जोर करा" असे ओरडून आम्ही त्या चुकीत भरच घातली, हे कबूल केले पाहिजे. दिवस कलत होता. वर सिवनी जिल्ह्यात भीमगडचे धरण आहे. नदीच्या पात्रात गाडी रात्रभर ठेवणे कोणासच बरे वाटेना.

वाडीवाला शांतपणे म्हणाला, "हवा काढा जी पयले. चाक कडक हाये म्हनून घुसते."

आम्हांस ते उफराटे वाटले. रुतलेल्या चाकातून हवा काढावयाची? तथापि दुसरा उपाय नव्हता. टोपी काढून काडीने व्हॉल्व्हची सुई दाबली. तीस पौंड हवा होती, ती चारही चाकांत पंधरावर आणली. टरबुजे उतरविली, चाकांपुढील रेती हातांनी उपसली. मग दुसऱ्या गिअरमध्ये, हिसका न देता, गाडी सावकाश निघाली.

यात चमत्कार नाही. गाडीचे वजन तेच राहते; परंतु हवा कमी झाली की टायर जमिनीवर अधिक लांब पसरतो आणि तेच वजन जास्त रेतीवर वाटले जाते. उंटाचे पसरट पाऊल हेच करते. राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्याने १९३० च्या सुमारास लिबियाचे वाळवंट मोटारींनी पालथे घातले, तेव्हा त्यांच्या मंडळींनीही टायरांतील हवा कमी करूनच वाळू ओलांडली होती. मात्र हवा फारच उतरविली आणि वळण जोरात घेतले, तर टायर रिंगेवरून निसटतो.

खरी परीक्षा पुढेच होती. काठावरची डांबरी सडक लागताच चिरंजीवांनी वेग घेतला; मागे म्हातारी कण्हत होती, त्यांचेही चुकले असे कसे म्हणावे? परंतु अर्ध्या हवेचा टायर टणक सडकेवर सारखा दुमडतो, तापतो व वेगात फुटतो. आमच्याजवळ पंप नव्हता. "बाळ, हळू," असे आम्ही म्हणत राहिलो, आणि मनात मात्र प्रत्येक मिनिटाचा हिशेब चालला होता. गाडी वीसच्या वर जाऊ दिली नाही. पंक्चरवाल्याचे पहिले दुकान दिसले तेव्हा अंधार पडला होता. हवा भरून घेतली आणि मग मात्र गाडी पळविली.

दवाखान्यात म्हातारीला सलाईन लावले. सून तिच्या उशाशी बसली. वाडीवाला वेलांच्या राखणीसाठी रात्रीच परतला. टरबुजे मागेच राहिली होती. सकाळी ती बैलगाडीने आली, वर चार डांगरे जास्त घालून.