बुधवारचं चिकन

बुधवारी संध्याकाळी सात-साडेसातला चिकनच्या दुकानासमोर जी गर्दी होते, तिची तऱ्हा रविवारच्या गर्दीपेक्षा वेगळी असते. रविवारी सकाळी पुरुष मंडळी पिशवी घेऊन येतात, किलो-दीड किलो घेतात, लेग पीस मोजून घेतात. बुधवारी ऑफिसातून परतणाऱ्या बायका येतात. खांद्याला पर्स, हातात रिकाम्या डब्याची पिशवी आणि मागणी ठरलेली : "दादा, अर्धा किलो. बारीक पीस करा." दादा ओंडक्यावर सुरा चालवतो, तोवर तिची नजर शेजारच्या भाजीच्या गाडीवर गेलेली असते. दिवसभर ऊन खाल्लेल्या मेथीच्या जुड्या गाडीवाल्याला परत घरी न्यायच्या नसतात, त्यामुळे भाव उतरलेला असतो. ती एक जुडी उचलते, देठ वाकवून बघते, आणि आज चिकन कसं होणार ते तिथेच रस्त्यावर ठरून जातं.

पाककृतींची पुस्तकं इथवर पोचतच नाहीत. ती सुरू होतात ती साहित्याच्या यादीपासून, जणू सगळे जिन्नस ओट्यावर मांडून ठेवलेले आहेत. घरातला स्वयंपाक सुरू होतो तो फ्रीजचा खालचा कप्पा ओढून. अर्धा कोबी, दोन गाजरं, एक सिमला मिरची, काल आमटीला काढलेल्या वाटणाची उरलेली वाटी.

आणि अर्धाच किलो का, तर त्याचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. घरागणिक यात थोडा फरक, पण बहुतेक मांसाहारी मराठी घरांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच वार मोकळे उरतात. त्यातला बुधवार दोन पाळायच्या वारांच्या मधोमध अडकलेला. रात्री बारानंतर घरात चिकन उरून चालत नाही. तेव्हा पाच माणसांना पुरेल पण उरणार नाही, असं गणित जमवायचं, आणि त्या गणितात भाजी आपोआप येते.

मात्र भाजी ही नुसती पुरवणी असते, हे म्हणणं खरं नाही. अर्धा किलो चिकनमध्ये मेथीची जुडी पडली की त्या पदार्थाचा स्वभाव मेथीचा होतो. चिकन तिच्या मागे चालतं. असं होऊ शकतं, कारण आजचं चिकन मुळातच अबोल आहे. जुन्या घरांत कोंबडी दारात फिरायची ती अंड्यांसाठी. ती कापली जायची पाहुणा आला, जावई आला, नवस फेडायचा असला तर. त्या गावरान कोंबडीला चुलीवर तास-दीड तास लागायचा, तिच्या रश्शाला स्वतःचा दांडगा वास असायचा आणि तिच्याबरोबर भाजी टाकली तर भाजीचं पिठलं व्हायचं. तिला साथीला फार तर बटाटा. पुढे संकरित जाती आणि हॅचऱ्या आल्या, वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना १९७१ ची, आणि साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास भरणारी ब्रॉयलर कोंबडी गल्लोगल्ली पोचली. तिला चव बेताची, हे गावरानवाल्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण ती वीस-पंचवीस मिनिटांत शिजते आणि शेजारी जे असेल त्याचा वास अंगाला लावून घेते. बुधवारच्या रात्रीला याहून सोयीचा प्राणी नाही.

मेथी असेल तर ती शेवटी. कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट, चिकन. चिकनला सुटलेलं पाणी आटू द्यायचं, तेल कडेला दिसू लागलं की चिरलेली मेथी मूठ-मूठ करून टाकायची. पहिली मूठ पडते तेव्हा वाटतं, कढई पुरणार नाही. दोन मिनिटांत ती तळाशी चिकटून बसते, हिरवा रंग गडद होतो आणि स्वयंपाकघरभर तो कडसर, किंचित औषधी वास पसरतो. इथे झाकण ठेवू नये. पालेभाजीतली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत. झाकणाखाली ती कोंडली की हिरवा रंग काळपट-शेवाळी होतो. पालकाचंही तेच.

सिमला मिरची आणि कोबी असेल तर पद्धत उलटी : मोठी आच, पसरट कढई, आणि एका वेळी थोडंच. कढईत गर्दी झाली की भाज्यांचं पाणी सुटतं, कढई थंड पडते आणि परतायला घेतलेलं सगळं उकडायला लागतं. हा धडा मराठी घरांनी चायनीजच्या गाडीसमोर उभं राहून घेतला. त्या गाडीवरच्या मंचुरियनचा उगमही ऐनवेळच्या स्वयंपाकातलाच. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये काम करणारे नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास गिऱ्हाइकाने काहीतरी नवं मागितलं म्हणून आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं आणि चिकन मंचुरियन केलं, अशी हकीकत ते स्वतः सांगत. समोर जे आहे त्यातून करायचं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

शेवग्याच्या शेंगा चिकनच्या रश्शात फार शोभतात. हाड आणि शेंग यांची खाण्याची रीत एकच : तोंडात धरायचं, आतला गर ओढायचा, उरलेलं ताटाच्या कडेला. दोन्हींची रास एकत्र साचते आणि जेवण आपोआप निवांत होतं. दुधी विरघळतो, पण रश्शाला गोडवा देऊन जातो. मटार चालतात, फरसबी चालते. फ्लॉवर मात्र टाळावा. त्याचा उग्र दर्प मसाल्याला भिडतो आणि दोघांपैकी कुणीच जिंकत नाही.

राहिला बटाटा. रश्शातला बटाटा हा मराठी पंगतीतला खरा मानाचा तुकडा आहे आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी तो नीट शिजलेला खाल्लेला नसावा. मोठ्या फोडी, साल काढून, चिकनबरोबरच टाकलेल्या. बाहेरून मसाल्याने लालसर झालेल्या, आतून पांढऱ्या आणि भुसभुशीत. बोटाने दाबली की फोड मोकळी होते, रस्सा आत शिरतो, आणि त्यावर भाकरीचा तुकडा. एक पथ्य पाळायचं : टोमॅटो, कोकम, दही, जे काही आंबट असेल ते बटाटा शिजल्यावर. आंबटात भाजीचं पेक्टिन लवकर सैल होत नाही, आणि मग कितीही उकळलं तरी फोड मधे कच्चट राहते.

या बटाट्याचा सर्वांत मोठा सन्मान मात्र महाराष्ट्रात झालेला नाही, तो कोलकात्यात झाला. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला येऊन राहिले. तिथल्या बिर्याणीत अख्खा बटाटा आला. नवाबाचा खजिना आटला, मांस परवडेना, म्हणून बटाटा घातला, अशी कथा सगळीकडे सांगतात. नवाबाच्या वंशजांना ती मान्य नाही. बटाटा तेव्हा नवलाईचा होता, हौसेने घातला गेला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंच म्हणणं खरं वाटतं. तूप आणि केशर पिऊन पिवळा झालेला तो बटाटा गरिबीतून आला असेल, असं खाताना तरी वाटत नाही.

कोकण-मुंबईकडच्या स्वयंपाकात सामिष आणि भाजी यांचं जमणं तसं जुनंच आहे. फक्त तिथे भाजीच्या जोडीला मासळी असते : वांग्यात सुकट, वालाच्या बिरड्यात कोलंबी, कोबीच्या भानोल्यात कोलंबी. पाठारे प्रभू समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' हे हजार पाकक्रियांचं जाडजूड पुस्तक १९१० चं. त्या काळी एका मराठी बाईने शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक एकाच पुस्तकात, माप-वजनासह लिहून ठेवला, याचा जितका अभिमान बाळगायला हवा तितका बाळगला जात नाही.

आणि चिकन-भाजीच्या या सगळ्या जुळवाजुळवीत सर्वांत अचाट प्रकार ज्याला म्हणावा, त्याला कढई लागत नाही, तेल लागत नाही, पाण्याचा थेंबही लागत नाही. रायगड जिल्ह्यातली पोपटी.

अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस येतात. मातीचं मडकं आणायचं. बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवणारा भांबुर्डीचा पाला उपटून आणायचा. त्याला उग्र, ओव्याच्या जवळ जाणारा वास असतो. मडक्याच्या तळाशी हा पाला दाबून बसवायचा. त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि ओवा. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, लिंबू लावून मुरवलेलं चिकन, केळीच्या पानात बांधून. कडेने बटाटे, रताळी, कांदे, अख्खी अंडी. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा, आणि शेवटी मडक्याचं तोंड गच्च भरेल इतका पाला.

आता मडकं उपडं करायचं. खरी युक्ती इथेच आहे. पाल्याची आणि शेंगांची स्वतःची ओल तापून वाफ होते, वाफ वर चढते, आणि वर तर मडक्याचा बंद तळ. खाली तोंडाशी पाल्याचं बूच आणि जमीन. निसटायला वाट नाही. ज्याने पहिल्यांदा हे केलं असेल त्याला वाफेचं तंत्र हातातूनच कळलेलं होतं.

भोवती पेंढा, काटक्या, लाकडं, गोवऱ्या रचून पेटवतात आणि माणसं जाळाभोवती बसतात. अर्धा-पाऊण तास जातो. झालं की नाही हे बघायला मडकं उघडता येत नाही, म्हणून त्यावर पाण्याचा हबका मारतात. पाणी चर्र करून क्षणात उडालं की झालं. मग कुणीतरी गोणपाट हाताला गुंडाळून काळंठिक्कर मडकं बाहेर ओढतो, पाला उपसतो आणि सगळं केळीच्या पानांवर ओततो. वाफेचा लोट उठतो, त्यात भांबुर्डी, धूर आणि ओवा. शेंगा सुरकुतलेल्या, दाबल्या की दाणा अलगद बाहेर येणाऱ्या. चिकन हाडापासून सुटलेलं, पानाच्या आत साचलेल्या रसात बसलेलं. बटाट्याच्या सालीला खारट-धुरकट चव. जाणती माणसं चिकनकडे नंतर वळतात, आधी शेंगांवर बसतात, कारण चिकनचा उतरलेला रस खालच्या शेंगांनी प्यालेला असतो.

दक्षिण गुजरातेत, वलसाडच्या बाजूला, असंच मडकं उपडं घालून उंबाडियू करतात. त्यात पापडी, कंद, रताळी, चिकन नाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच अक्कल, दोन पंगती.

फ्लॅटमध्ये जाळ करता येत नाही, तरी पोपटी होते. जाड बुडाचं पातेलं आणि घट्ट झाकण हवं. तळाशी कोबीची बाहेरची पानं, एरवी फेकली जाणारी, दुहेरी अंथरायची. वालाच्या शेंगा थंडीत मुंबईच्या बाजारातही येतात. त्या किंचित ओल्याच ठेवायच्या. मधे केळीच्या पानातलं चिकन, बाजूने अर्धे कापलेले बटाटे, वर पुन्हा शेंगा आणि पानं. पहिली पाच मिनिटं मध्यम आच, पुढे पाऊण तास अगदी बारीक. झाकणावर जड वस्तू ठेवावी आणि मधे उघडून बघू नये. भांबुर्डी मिळाली नाही तर कुंडीतल्या ओव्याची पानं चालतात, मूठभर घालावीत. कोथिंबीर नको.