मेगालोडॉन शार्कच्या दातास



तू अंधेरीत माझ्या टेबलावर आलास, पण तुझ्या डबीतल्या चिठ्ठीवर प्राण्याचं नाव आणि किंमत एवढंच आहे. गावाचा पत्ता नाही. हे मला फार लागलं.

तू इथला नाहीस, हे सांगायला चिठ्ठी लागत नाही. आमचा गिल्बर्ट हिल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये जीवाश्म सापडले, तेही गोड्या पाण्यातल्या बेडकांचे नि कासवांचे. त्या इवल्या बेडकाचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केलं. शार्कचे जुने दात हवेत तर कच्छच्या सागरी खडकांकडे जावं लागतं.

तुझी भावंडं मात्र वर्सोव्याच्या कोळणींच्या पाटीत आजही दिसतात. मुशीचा, म्हणजे छोट्या शार्कचा, जबडा उघडून पाहावा: पुढच्या दातांमागे दुसरी, तिसरी ओळ आत वळून तयार असते. दात आयुष्यभर पडत राहतात, नवे येत राहतात. सांगाडा कूर्चेचा, तो सहसा कुजून जातो. गाळात रुतलेले दात तेवढे उरतात. युरोपात तुम्हा दातांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत आणि विषावर उतारा म्हणून बाळगत. 1666 मध्ये निकोलस स्टेनो यांनी फ्लॉरेन्समध्ये शार्कचं डोकं चिरलं आणि ते दात तुमच्याशी ताडून पाहिले. थरांवरून पृथ्वीचा इतिहास वाचायची वाट पुढे त्यातूनच निघाली.

म्हणून थराचं नाव महत्त्वाचं. मेगालोडॉन जवळपास दोन कोटी वर्षं समुद्रात होता आणि सुमारे 36 लाख वर्षांपूर्वी संपला. त्यातला तू कधीचा, हे तुझी करवती धार सांगू शकत नाही. तुझा काळपट रंगही गाळातल्या खनिजांनी दिलेला. त्यात मी भिंग लावलं, तर मुळाजवळच्या बारीक भेगा एका रेषेवर एकदम थांबतात. पुढे राळेचा भराव आहे. दुरुस्ती चालेल, ती लपवणं चालणार नाही.

मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, जिथे कुठे तुझे चाहते असतील त्यांना माझी कळकळीची विनंती: किमतीआधी ठिकाण विचारा, थर विचारा, दुरुस्ती विचारा. उत्तर मिळालं तर ते कागदावर लिहून दातासोबतच ठेवा. मिळालं नाही, तर घेऊ नका.

तुझा,
अंधेरीचा एक संग्राहक