आधी चित्र, मग अर्ज

नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. चिखलीत माझ्या घरी रविवारी जोहरनंतर शिकायला येणाऱ्या सात बायकांपैकी चौघी ती पास झाल्या. सही येते, बसची पाटी वाचता येते. पण मनातलं चार ओळी लिहा म्हटलं, की ‘माझे घर छान आहे’च्या पुढे पेन्सिल सरकत नाही. अक्षरं येतात, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. म्हणून मी आधी चित्र काढायला सांगते.

पहिल्याच दिवशी एका खालांनी विचारलं, “आपा, तसवीर काढलेली चालते का?” प्रश्न रास्त होता. सजीवांच्या चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला इब्ने अब्बास (रजि.) यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. आम्हाला तेवढं पुरे. चूल, विहीर, रस्ता, मशीन. (चेहरे तसेही कुणाला जमत नाहीत!)

याच खाला चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या करतात. गेल्या पावसाळ्यात कणीक मळायच्या मशीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सापडली. ठेकेदाराच्या माणसाने कागद पुढे केला, अपघात कसा झाला ते लिहा. त्यांनी लिहिलं, ‘हाताला लागले.’ खाली त्याने शेरा मारला, चूक कामगाराची.

मुलगा लिहून द्यायला तयार होता. पण तो तिथे कुठे होता?

रविवारी मी त्यांना मशीन काढायला सांगितलं. गोल भांडं झालं. वरचं झाकण काढताना हात थांबला. “झाकण तर नव्हतंच. ईदच्या आधीपासून नाही.” मग बटण, ते भिंतीवर, चार पावलं लांब. खाली सांडलेलं पाणी. प्रत्येक वस्तूला आकडा दिला, मग आकड्यागणिक एकदोन वाक्यं. तासाभरात अकरा ओळी झाल्या. ‘झाकन’ मी तसंच राहू दिलं.

ब्राझीलमध्ये १९६० च्या दशकात पाऊलो फ्रेइरे मजुरांना आधी चित्र दाखवत, त्यावर बोलायला लावत, मग शब्द शिकवत. तिथली चित्रं चित्रकाराची होती. इथे शिकणारीच काढते, आणि मला त्यात जास्त फायदा दिसतो. बोलताना झाकण, बटण सहज सुटून जातं. कागदावर मात्र प्रत्येक वस्तूला जागा द्यावी लागते, म्हणून आठवावं लागतं. हात मोकळा होतो तो वेगळाच.

अर्जाला चित्र जोडलं. बटणाभोवती खालांनी लाल पेनाने गोल केला आणि खाली सही केली. इलाजाचे पैसे अजून मिळालेले नाहीत. बटण मशीनजवळ आलं आहे. झाकण यायचं आहे.