कोरं कापड

कोऱ्या मांजरपाटाला एक वास असतो, तुम्हाला आठवत असेल. खळीचा, किंचित आंबूस, थोडा गाठीभोवतीच्या किलतानाचा. डहाणूत त्यात खाडीची ओलही मिसळायची. त्यामुळे काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटातून आलेलं कापड आमच्या फळीवर आठ-पंधरा दिवस बसलं की त्याचा वास बदलून जाई, आणि आजोबा तागा नुसता नाकाशी नेऊन सांगत, हा पावसाळ्याआधीचा, हा नंतरचा. जूनपासून तर दुकानात सगळा ओलीशीच झगडा. कडुलिंबाचा सुकवलेला पाला, डांबरगोळ्या, संध्याकाळी ऊद, आणि जरा ऊन पडलं की तागे उलगडून ओट्यावरच्या दोरीवर हवेला टाकायचे. त्या टांगलेल्या छिटांच्या आणि पॉपलिनच्या बोळांतून आम्ही पोरं पळत सुटायचो आणि काका हातातली वारपट्टी उगारून मागे यायचे, पण ती कुणाला लागल्याचं मला आठवत नाही.

दुकान डहाणू रोडला, स्टेशनाकडून सागर नाक्याकडे येताना. पाटी होती, पण पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक थोडं. बाकीच्यांना ते आजोबांच्या नावानंच ठाऊक. शटर नव्हतं, उभ्या लाकडी फळ्या होत्या, प्रत्येकीवर डांबराने आकडा घातलेला, आणि सकाळी त्या खाचेतून काढताना जो खडखडाट होई त्यावर शेजारच्या इराण्याचा चहा उकळायला लागे असं आजी म्हणायची. आत पांढऱ्या चादरीची गादी, तक्क्या, गल्ल्याची पेटी, भिंतीला छतापर्यंत तागे. चपला खाली काढायच्या आणि मांडी घालून बसायचं. घाई असणाऱ्याला ते दुकान सोसत नसे.

आवाज म्हणाल तर फाडण्याचा. आजोबा काठाशी कात्रीनं बोटभर काप देत, मग दोन्ही मुठींत कापड धरून एका दमात टर्रकन फाडत नेत, आणि सुताचं कापड आडव्या धाग्याच्या रेषेत असं सरळ फाटत जाई की कात्रीला तसं साधणार नाही. हवेत बारीक तूस उडायचं, दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात ते तरंगताना दिसायचं, आणि पुढच्या क्षणी गिऱ्हाइकाला शिंक. टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं, ते काही असं फाटत नाही, त्याला कात्रीच चालवावी लागते. आणि मला वाटतं दुकान खरं तेव्हापासूनच गप्प होत गेलं, फक्त आम्ही विक्री वाढल्याच्या आनंदात होतो म्हणून ते ऐकू आलं नाही.

मोजण्याची गोष्ट वेगळीच. 1956 साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, पुढं काही वर्षांत वाराची पट्टी जाऊन मीटरची आली, दरवर्षी वजनमापांचा माणूस येऊन तिच्यावर शिक्का मारून जाई. पण उधव्याकडून, सायवनकडून, कासा-तलासरीच्या पाड्यांवरून येणारी माणसं हातानंच मागायची. इतके हात द्या. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आणि कुणाचा हात धरायचा? आजोबा म्हणत, ज्याचा लांब असेल त्याचा. मग मीटरनं मोजून, मनात हिशेब करून, वर बोटभर सोडून ते फाडत. कापड पट्टीवर ताणून मोजलं तर मीटरमागे बोट-दोन बोटं दुकानदाराची होतात, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत. आजोबा ते ढिलं सोडून मोजत. फार मोठे साधू होते म्हणून नव्हे. ताणलेलं कापड घरी जाऊन आखडतं आणि गिऱ्हाईक परत येतं ते भांडायला, असं त्यांचं म्हणणं.

भात झोडून झालं की पाड्यांवरची लग्नं सुरू होत आणि ओट्यावर माणसं मावेनाशी होत. वारली मंडळी एकटीदुकटी लग्नाचं कापड घ्यायला येत नसत. नवरीची आई, मावशा, एखादा म्हातारा, कडेवरची पोरं, असा सगळा मांडवच आधी दुकानात भरायचा. बायका गुडघ्यापर्यंत कासोटा घालून लुगडं नेसलेल्या. बोलणं कमी. लुगड्याचा काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळून बघायच्या, उजेडाकडे धरून विणीतून पलीकडे किती दिसतं ते बघायच्या, मग ते शेजारणीच्या मांडीवर ठेवून गप्प. त्या गप्प बसण्याला आजोबा कधी घाई करत नसत. ते दुसराच तागा उलगडायला घेत. तिकडं असंही असे की खर्च झेपला नाही म्हणून जोडपं आधी संसाराला लागे आणि लग्न पुढं कधीतरी, हातात पैसा आला की, क्वचित लेकराच्या लग्नाच्याच मांडवात. तेव्हा आईला आणि लेकीला, दोघींनाही नवरीचं लुगडं घ्यायचं. आई लाजायची. लेक हसायची. आणि आजी, जी एरवी दुकानात पाऊल टाकत नसे, ती अशा वेळी आतून येऊन आईच्या लुगड्याचा रंग निवडायला बसायची.

इराणी आणि पारशी बाया यायच्या त्या पांढऱ्या मलमलीसाठी, सदऱ्याला ती लागते; घोलवड-बोर्डीकडच्या चिकूवाड्यांतून येताना परडीभर चिकू आणायच्या आणि भावावरून मात्र शेवटच्या पैशापर्यंत घासाघीस करायच्या. मलमल फिनले मिलची असली तर बोट लावूनच ओळखायच्या. मासळी विकणाऱ्या मांगेलणी बाजार उठल्यावर यायच्या, टोपली पायरीशी, टोपलीशी मांजर. त्यांच्या नोटा सुकटीच्या वासाच्या आणि ओलसर असत. गल्ल्याची पेटी उघडली की तो वास वर यायचा, आणि शाळेत माझ्या खाऊच्या पैशांना तो असे म्हणून मी चिडायचे. आता मुंबईच्या मासळीबाजारात कुठं तो वास आला तर पाऊल रेंगाळतं.

आणि हो, आमच्याकडे फरही मिळायची! खोट्या फरीची, गुलाबी-पांढरी बाळटोपडी, हनुवटीखाली नाडी आणि नाडीला गोंडे. डहाणूत थंडी ती केवढी, जानेवारीत पहाटे जरा शहारा येतो इतकीच. पण पहिलटकरणीचा नवरा दुकानात आला की त्याची नजर आधी तिकडेच जायची. ती टोपडी घालून किती बाळं घामाघूम झाली असतील ते तीच जाणोत.

चैत्रात हनुमान जयंतीपासून महालक्ष्मीची जत्रा. चारोटीजवळ, विवळवेढ्याला, पंधरा दिवस. आमचं पाल पडायचं तिथं, बांबू आणि ताडपत्री, पेट्रोमॅक्सची फुसफुस, एका बाजूला सुक्या मासळीचे ढीग आणि दुसऱ्या बाजूला मसाल्याचे, त्यामुळे जत्रेतला माल उरून परत आला तरी आषाढापर्यंत त्याला हळद-मिरचीचा दर्प. काका गाठींवरच आडवे व्हायचे. जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून आलेला झेंडा वाघाडीचा पुजारी मध्यरात्री डोंगराच्या सुळक्यावर चढवतो, ती वेळ आली की विक्री थांबायची, सगळी जत्रा माना वर करून अंधारात बघत राहायची, आणि मला पेंगुळलेलीला काका खांद्यावर घेऊन म्हणायचे, बघ बघ, दिसला. मला कधीच काही दिसलं नाही. मी हो म्हणायचे.

उधारीच्या वह्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लाल खारव्याच्या, लांबट, दोऱ्यानं बांधलेल्या. लक्ष्मीपूजनाला त्यांच्यावर हळदकुंकू. त्या वह्यांचा मला केवढा लळा होता! मग कॉलेजात गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हातात पडलं, आणि लग्नगडी म्हणजे कोण ते कळलं: लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यायचे आणि नवराबायकोनं जन्मभर त्याच्या शेतावर राबायचं. तलासरीजवळच्या झरीला 1945 च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद भरली, वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडून निघाले, ते आमच्या दुकानाच्या आधीचं. आजोबा तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पोऱ्या होते. मी विचारलं तर बराच वेळ सुतळीचा गुंडा करत राहिले, मग म्हणाले, त्या शेटच्या वहीत आकडे पुढे जायचे, मागे यायचे नाहीत; म्हणून मी उधारी ठेवली पण व्याज नाही ठेवलं. आजोबा खोटं बोलत नसत. पण लाल झेंड्याची माणसं उठली नसती तर बिनव्याजी उधारीची त्यांना आठवण झाली असती का, हे मी अजून माझ्याशी ठरवलेलं नाही. तुम्ही दुकानाचं कौतुक ऐकत बसला आहात, तेव्हा हेही ऐकून घ्या.

प्रत्येक ताग्याच्या टोकाला चिठ्ठी असे आणि तिच्यावर खरेदीचा भाव, पण आकड्यांत नव्हे, अक्षरांत. दहा निराळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला एक आकडा, दर घराचा संकेत वेगळा. आजोबांनी तो काकांना सांगितला. आम्हा मुलींना नाही, सासरी जाईल म्हणून. अशा चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत, शिवणाच्या डब्यात. काकांना विचारलं तर आता सांगतीलही. मी विचारत नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार. आमच्याकडे तो पोचला तो रिकाम्या फळ्यांच्या रूपानं. खटाव व्हॉइलची फळी पहिल्यांदा मोकळी झाली. आजोबा तिथं दुसरं काही ठेवू देत नव्हते. येईल, येईल म्हणत. मग सुरतेच्या साड्या आल्या, झगझगीत, स्वस्त, भिजल्या की दोरीवर तासाभरात वाळणाऱ्या, आणि खरं सांगायचं तर शेतात राबणाऱ्या बाईला त्या सोयीच्या. तिनं आमच्या सुतावर प्रेम करत बसावं असं म्हणायचा मला काय अधिकार? मग तयार कपडे आले. आठवड्याच्या बाजारात हँगरला टांगलेले शर्ट आले. तलासरीच्या माणसाला हायवेनं वापी जवळच. 2013 साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि तरुण पोरं सुटीच्या दिवशी कपडे घ्यायला थेट खाली जाऊ लागली. आजोबा त्याआधीच गेले होते. काका एकटे गादीवर, हातात वर्तमानपत्र, आणि त्यांनाही कुणी घाई करत नव्हतं.

2018 च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूनं भूकंपाचे धक्के सुरू झाले, तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. पाड्यांवरची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. आमच्याकडे वरच्या फळीवरचे तागे सरकून खाली यायचे, एकदा तर छिटाचा एक तागा गादीवर पडून दारापर्यंत उलगडत गेला. काकांनी तो गुंडाळून परत वर ठेवला. पुढं टाळेबंदी आली. ती उठल्यावर त्यांनी फळ्या काढल्याच नाहीत. उरलेला माल एका व्यापाऱ्यानं तोलून नेला, किलोवर. मोजून नव्हे, तोलून. काकांना तेवढंच लागलं. गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे, काचेचं, गार, चांगलं चाललेलं.

मागच्या उन्हाळ्यात मी घरी होते तेव्हा तलासरीकडची एक बाई लेकीला घेऊन ओट्यावर आली. लग्न ठरलं होतं. दुकान बंद झालेलं तिला ठाऊक होतं, पण तिच्या आजीचं, आईचं, तिचं स्वतःचं लुगडं आमच्याकडचं. काकांनी पोरीकडे एकदा नीट पाहिलं, मांडव कुठं, मानाच्या बायका किती, नवरदेवाची आई आहे का, असं सगळं विचारून घेतलं आणि बोटांवर हिशेब करून कुठल्या दुकानातून काय किती घ्यायचं ते सांगितलं. ती ऐकून उठेचना. म्हणाली, शेट, तुम्हीच चला.

काकांनी सदरा चढवला. मीही गेले मागोमाग. पलीकडच्या आळीतलं ते दुकान नवं, काउंटर, स्टुलं. काका आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले असतील. चिमटीत काठ चोळून पाहिला, उजेडाकडे धरला, तीन ताग्यांना नाक मुरडलं, भाव ऐकून हसले. अखेर एक पसंत पडला. मुलगा मोजायला लागला आणि काकांनी हात लांब करून त्याची पट्टी धरली.

“ताणतोस कशाला रे? ढिलं सोड. पुन्हा मोज, पहिल्यापासून.”