आमच्या घरचे समीक्षक

मलकापूरच्या एसटी स्टँडपासून जवळच एक ऑनलाइनचं दुकान आहे, तिथे मी काम करते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, गॅसची केवायसी, पोरांची स्कॉलरशिप, जे येईल ते. तहसील कचेरी शाहूवाडीला आणि बाजारपेठ मलकापूरला, त्यामुळे एका कागदासाठी माणूस दोन्हीकडे हेलपाटे घालतो आणि राग काढतो माझ्यावर. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकानाच्या पायरीवर ओल्या छत्र्यांचा ढीग लागायचा. बी.कॉम.ला शिकलेलं काहीच कामाला आलं नाही. कामाला आली ती आजीकडून उचललेली बोलायची पद्धत. "आक्का, जरा दम धरा, सर्व्हर बसलाय," असं म्हटलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

या कामातली एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. पीएम किसानच्या केवायसीला आमच्या दुकानात अंगठा लावून घेतात. रोपलागणीच्या दिवसांत आमच्याकडच्या बायकांचा अंगठा मशीन घेतच नाही. दिवसदिवस चिखलात हात, कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, रेषा झिजलेल्या. मी फडकं देते. त्या अंगठा पुसतात, केसांतून फिरवतात, परत ठेवतात. मशीन लाल दिवा दाखवतं. मग दुसरं बोट, तिसरं बोट. एकदा एक आजी दहाही बोटं लावून झाल्यावर म्हणाली, "पायाचं चालतंय का बघ." दुकानातले सगळे हसले. तीही हसली. पण काम झालं नाही, आणि ती पुढच्या आठवड्यात परत आली.

पुण्याची मावसबहीण फोनवर विचारते, "तुमच्याकडे मॉल नाही, थिएटर नाही, मग तुम्ही दिवसभर करता काय?" तिला वाटतं आम्ही गव्यांच्या सोबतीने राहतो. गवे आहेत, खोटं कशाला बोलू. संध्याकाळची वस्तीची गाडी वळणावर थांबली की खिडकीतून सगळे आधी रस्त्यावर बघतात. पण तिला सांगायचं राहतं ते हे की तिने बघितलेलं सगळं आम्हीही बघितलेलं असतं. फरक इतकाच, की ती कानात हेडफोन घालून एकटी बघते आणि मला ती सोय नाही. आमच्या घरात रेंज फक्त सोप्यात येते, तीही पूर्वेच्या खिडकीजवळ. त्यामुळे मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवायचा आणि समोर बसायचं. मी बसले की आजी बसते, आजी बसली की आई पातीच्या जुड्या घेऊन येते, आबा खाटेवरून आवाज वाढवायला सांगतात. माझं असं काही उरतच नाही. उरतात ती सगळ्यांची मतं.

आबांपासून सुरुवात करते, कारण सिनेमाच्या बाबतीत ते स्वतःला घरात सर्वांत वरचे समजतात. या तालुक्यातली त्या पिढीतली पुष्कळ माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, तसे आबाही मिसरूड फुटायच्या आत गेले आणि पुढे साचेवाले झाले. लालबागला गावकऱ्यांची खोली होती. पाळ्यांप्रमाणे झोपायचं, एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा. जेवण खानावळीत. आणि सुटीच्या दिवशी सिनेमा. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१ चा. दादरच्या कोहिनूरला त्याच्याऐवजी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं घाटत होतं आणि बाळासाहेब ठाकऱ्यांच्या मध्यस्थीने 'सोंगाड्या' लागला, ही गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आबा ती अशी सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं मध्यस्थी त्यांनीच केली. ते त्या गर्दीत होते की नव्हते, कोण जाणे. त्या वयाचा मुंबईत राहिलेला प्रत्येक माणूस आपण होतो म्हणून सांगतो, आणि सगळ्यांचं खरं धरलं तर कोहिनूर शिवाजी पार्काएवढं हवं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. आबा म्हणाले, होळीला गावी जातो, संप मिटला की येतो. ते अजून गावीच आहेत. संपाबद्दल ते फार बोलत नाहीत, विचारलं तर दादा कोंडक्यांवर घसरतात. गिरणी कामगारांच्या घरासाठीचा त्यांचा अर्ज आहे. त्याची कागदं ऑनलाइन भरायची वेळ आली तेव्हा मीच भरली. पत्र्याच्या पेटीतून तिकीट नंबरचं कार्ड, ईएसआयचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं निघालं. त्याच पिशवीत उषा चव्हाणचा मासिकातून कापलेला फोटोही होता. आजीने तो बघितला आणि परत पिशवीत ठेवला. "असू दे, त्योबी पुरावाच हाय," म्हणाली.

आजीचा अधिकार वेगळा. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, आणि जूनअखेरीस केदार शिंद्यांचा 'बाईपण भारी देवा' आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते आमच्या गावात येऊन विचारा. रोपलागण उरकली आणि गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, कोल्हापूरला जायचं. मलकापूरहून साधारण ४५ किलोमीटर. एरवी दवाखाना नाहीतर अंबाबाई, याशिवाय कोल्हापूर न बघितलेल्या बायका निव्वळ सिनेमासाठी निघाल्या होत्या. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एका काकूंनी तर गाडी लागते म्हणून लिंबू. महामार्गाच्या चौपदरीकरणाने रस्ता उखडलेला, गाडी बैलगाडीपेक्षा हळू, पण कोणाची कुरकुर नाही. कंडक्टर म्हणाला, "आज सगळी हाफच हाईत की." मागून आवाज आला, "तिकीट हाफ, बाया फुल्ल."

त्या सिनेमात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सगळ्या मोठ्या नट्या. आमच्या रांगेत रडारड चाललेली. आजी मात्र पुढे वाकून त्यांचे पाय बघत होती. आमच्याकडे पंचमीला आणि गौरीला झिम्मा-फुगडी असते, आणि आजी तिच्या वयात पंचक्रोशीत नाव असलेली. मध्यंतर झालं तसा तिने निकाल दिला : "रडाय चांगलं येतंय. फुगडी न्हाई येत." मग थिएटरच्या पॅसेजमध्ये शेजारच्या काकूंचे हात धरून दाखवलंच. पायांचे अंगठे एकमेकांना भिडले पाहिजेत, टाचा जवळ, आणि वजन सगळं मागे टाकायचं. समोरचीवर भरवसा नसेल तर मागे रेलता येत नाही आणि रेललं नाही तर फिरता येत नाही. पॉपकॉर्नवाला पोरगा हातातलं सोडून बघत राहिला. दोन गिरक्या झाल्या आणि काकूंना खरंच लिंबू लागलं.

मोठ्या वर्तमानपत्रात त्या सिनेमाची परीक्षणं आली होती. एकातही फुगडीबद्दल एवढं नेमकं कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

आईचं जरा निराळं. ती पटकन मत देत नाही. तिच्या लहानपणी गणपतीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे. १९९१ चा 'माहेरची साडी' तिने तसा देवळापुढे पोत्यावर बसून बघितला. त्यानंतर लग्न, म्हशी, आम्ही दोघं. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, दहा दिवसांनी बिल. तिचं कॅलेंडर दहा दिवसांचंच आहे.

माझी धाकटी चुलतबहीण कोल्हापुरात हॉस्टेलला असते. तिच्यामुळे मला कोरियन मालिकांचा नाद लागला. तिच्या खोलीत भिंतीवर शिवाजी महाराज आणि बाजूला बीटीएसची सात पोरं. त्यांच्यातल्या बहुतेकांनी मिलिटरीत जाऊन सक्तीची नोकरी केली म्हटल्यावर पप्पांचं मत थोडं सुधारलं. आमच्याकडे घराआड एक फौजी, त्यामुळे तेवढं पुरतं. तर २०२५ च्या मार्चमध्ये 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' नावाची मालिका आली. जेजू नावाच्या बेटावरची. गरीब घरातली मुलगी, तिला कविता करायच्या असतात, तिची आई समुद्रात श्वास कोंडून बुडी मारणारी, तळाचे शिंपले काढून विकणारी. भाषा कोरियन, खाली अक्षरं इंग्रजी, आणि ती वाचून मी आईला मराठीत सांगायची. शेवटी शेवटी तर मी नुसतं "आता चिडलीय" किंवा "उगाच हसतोय" एवढंच सांगायची. बाकी तिला कळायचं.

पहिल्या दिवशी तिचा प्रश्न : "काय काढत्यात त्या?"

"शिंपले."

"किलोला काय मिळतंय?"

मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग काय बघालीस तू?"

पप्पा दारातून जाताना रोज एकच विचारायचे, "हे चायनाचं काय लावलंय?" कोरिया म्हटलं की, "एकच की."

त्या मालिकेत एक प्रसंग आहे. घरात पुरुष एका बाजूला जेवायला बसलेले, बायका दुसऱ्या बाजूला. नवरा मुलगा आपलं ताट पुरुषांकडे ठेवून बसलेला असतो. तो मध्येच आपला वाडगा घेऊन मागे वळतो आणि बायकोसमोर जेवायला लागतो. एवढंच. कोणी भाषण करत नाही. आमच्या घरात पुरुषांचं आटोपल्यावर बायका बसतात, अजून तसंच आहे. मी नोकरी करते, पैसे देते, तरी तसंच आहे; मला भूक लागली की मी चुलीपाशी भाकरी मोडून खाते, पण पंगतीला बसत नाही. आई बराच वेळ जुड्या बांधत राहिली. मग म्हणाली, "त्याची आई काय म्हणाली?"

"चिडली."

"चिडणारच."

मागे भिंतीला टेकून आजी डुलक्या घेत होती, निदान आम्हाला तसं वाटत होतं. डोळे न उघडता ती म्हणाली, "मी न्हाई चिडलो असतो." आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. सतरा वर्षांपूर्वी पप्पांनी आईला एकदा चहा करून दिला होता तर आजी दोन दिवस बोलली नव्हती, ते आम्हा दोघींना पाठ आहे. कोणी काही बोललं नाही. पुढचा भाग लावला.

आता आमच्या तालुक्याचं. पडद्यावर शाहूवाडी येते ती इतिहासातूनच. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून निघाले, विशाळगड गाठला, आणि घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू पडले. विशाळगड आमच्या तालुक्यात, खिंडही इकडचीच. २०२२ च्या फेब्रुवारीत दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' आला, अजय पूरकर बाजीप्रभू झाले होते, आमचं सगळं घर बघून आलं. २०२५ मध्ये 'छावा' आला तेव्हा आबांनी नवीनच काढलं. संभाजी महाराजांना १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडलं, त्याआधी मुकर्रबखान कोल्हापूरहून तिकडे गेला तो आंबा घाटाने. "म्हंजे आपल्या दारावरनं गेला की. कुणालाच कसं कळलं न्हाई?" हा प्रश्न ते विकी कौशलला विचारावा तसे मोबाईलकडे बघून विचारत होते. मला वाटतं प्रश्न बरोबर आहे. पण आज त्याच घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसांवर, दूधसंस्थेत रांगेला उभ्या बायकांवर, वस्तीच्या गाडीच्या ड्रायव्हरवर सिनेमा काढावा असं कोणाला वाटत नाही, याचंही मला नवल वाटतं. साडेतीनशे वर्षांत इथे काही घडलंच नाही असं थोडंच आहे?

माझा मामा पांढरेपाण्याच्या बाजूला राहतो. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. हजारो पोरं-पोरी, रंगीत रेनकोट, भगवे झेंडे. 'पावनखिंड' आल्यापासून तर रीघच. मामी त्यांना भाकरी-पिठलं करून देते, चार पैसे मिळतात, पोरं आदराने "मावशी" म्हणतात. मामाची तक्रार वेगळीच आहे. तेच दिवस रोपलागणीचे. वाट चिखलाने भरली की मंडळी कडेने चालतात, आणि कडेला असतो तरवा. आमच्याकडे भाताच्या कोवळ्या रोपांना तरवा म्हणतात. तो तुडवला गेला की त्या वाफ्याचं वर्ष गेलं, परत टाकायला वेळ नसतो. गेल्या पावसाळ्यात एक पोरगा तरव्यात उभा राहून बाजीप्रभूंचा संवाद म्हणत रील काढत होता. मामा बांधावर उभा. त्याने संवाद पुरा होऊ दिला, मग म्हणाला, "आवाज झकास हाय. आता बाहेर या." पोरगा ओशाळला, संध्याकाळी येऊन पैसे देऊ लागला. मामाने घेतले नाहीत, त्याला उरलेला तरवा उपटायला बसवला.

तेव्हा जुलैत इकडे याल तर जरूर या, मामीकडे पिठलं-भाकरी खा, घोषणाही द्या. फक्त चालताना बांधावरून चाला.