सिंगरबाई

उदगीरच्या एका जुन्या गल्लीत, ओसरीवर सतरंजी टाकून बसवलेल्या सिंगरबाईंशी ओळख करून घ्या. वर्ण काळा कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली लाकडी बैठक. उजव्या अंगाला हँडल. त्यामुळे पायानं चालवायच्या शिलाई मशिनीसारखं टेबल-स्टूल त्यांना लागत नाही. मांडी घालून समोर बसेल त्याच्याशीच त्यांचं जमतं. जन्म स्कॉटलंडात, क्लाइडबँकच्या कारखान्यात. अंगावरचा नंबर ‘वाय’नं सुरू होतो, म्हणजे १९२२ ते १९३५च्या मधला कुठला तरी. बाईमाणसाचं वय यापेक्षा नेमकं विचारू नये.

त्या इथं आल्या तेव्हा उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. १९५६ला ते उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं, १९८२ला लातूरमध्ये. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला. बाई ओसरीवरून हलल्या नाहीत. याचा त्यांना अभिमान आहे. पंचाईत एवढीच झाली, की मध्यंतरी त्यांनी कापडालाही हलू द्यायचं बंद केलं.

‘‘मशीन तर फिरालीय, पण कापड सरकंनाच की ओ,’’ घरच्या सुनेची तक्रार. सुई खाली-वर, शटल मागं-पुढं, टकटक नेहमीचीच. खाली मात्र एकाच जागी टाक्यावर टाका चढलेला आणि दोऱ्याचा गुंता. मग सगळ्या घरांत होतं तेच झालं. सुई बदलली, रीळ बदललं, टेन्शन आवळलं, पुन्हा सैल केलं. बाईंचा चेहरा इतका देखणा, की दुखणंही तिथंच असेल असं वाटतं. त्या गप्प. तोंडावरून कुणी हात फिरवला तर त्यांचं काय जातंय?

कापड ओढलेलं मात्र त्यांना अजिबात खपत नाही. उजवा हात हँडलवर अडकलेला, मोकळा फक्त डावा. त्या डाव्यानं मागून कापड जरा ओढावं, तर सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि कट्कन मोडते. सरकवायचं काम माझं, हा त्यांचा बाणा आहे आणि तो खोटा नाही. सुईच्या पट्टीतल्या फटींमधून त्यांचे दात डोकावतात. ते वर येतात, कापड टाकाभर मागं नेतात, पट्टीखाली बुडतात आणि कुणाला न दिसता परत पुढं येतात. सुई कापडाबाहेर असते तेवढ्यात कापड हलवून मोकळं व्हायचं. हा फेरा टाक्यागणिक चालतो.

दुरुस्तीवाले मामू आले आणि त्यांनी त्या देखण्या चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘‘पैले दाताँ देखो,’’ म्हणाले. दोरा काढून टाकला आणि वहीच्या कागदाची पट्टी कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली सरकवून हँडल फिरवलं. (कागदाशिवाय फूट टेकवून फिरवायचं नाही, रिकाम्या तोंडी चावायला लावलं की बाईंचे दात झिजतात.) नीट चालत असतं तर समान अंतरावर भोकं पडली असती. इथं कागदाला एकच भगदाड पडलं, आणि दातांचे ठसे इतके पुसट, की उन्हात धरून बघावे लागले.

टाक्याचा स्क्रू कुणी पोरानं पिळून टाका शून्यावर आणला नव्हता ना? नव्हता. फुटाचा दाब मात्र सैल निघाला. थंडीत वाकळ शिवताना वरचा स्क्रू उलटा फिरवून दाब कमी केलेला. वाकळ झाली, तिच्यावर लोक झोपलेसुद्धा, स्क्रू तसाच. पातळ परकराला मग पकड कुठून मिळणार? मामूंनी तो आवळला. बाईंनी दोन टाके पुढं टाकले आणि पुन्हा बसकण मारली.

शेवटी पट्टी उघडली. दातांच्या फटींत लोकर दाबून भरावी तसा कापडाचा भुसा बसलेला, थरावर थर: शाळेच्या गणवेशाचा निळा, पोलक्याचा हिरवा, मध्येच खाकी. मामूंनी तो सुईनं उकरून काढला. त्याखाली पिवळट, चिकट काहीतरी होतं. ते नखानं खरवडून त्यांनी नाकाशी धरलं. ‘‘ये तो फोडनी का तेल है, अम्मा!’’

घरच्या आजीबाई दुखावल्या. ‘‘घाण्याचं करडीचं हाय. साधंसुधं न्हाई.’’

त्यांच्या परीनं त्यांनी घरातलं सगळ्यात चांगलं तेल बाईंना पाजलं होतं. करडईचं तेल हवेवर वाळतं, रंग आणि व्हार्निशातसुद्धा ते म्हणूनच घालतात. भाजीत पडलं तर त्याला वाळायला सवडच मिळत नाही. मशिनीच्या सांध्यात ते महिनोन्‌महिने बसून राहिलं आणि दात पट्टीच्या वर यायच्या आधीच अडायला लागले. हट्ट म्हणून ज्याची गल्लीभर चर्चा झाली, तो नुसता पाहुणचार अंगावर आला होता. मामूंनी सांध्यांत थेंब थेंब रॉकेल सोडलं, हँडल मागं-पुढं हलवत ठेवलं, चिंधीनं काळं-पिवळं पाणी टिपलं आणि मग मशीनचं पातळ तेल दिलं. दात पट्टीवर आले. परकर सुरळीत निघाला.

तब्येत सुधारली म्हणून खाण्याचे नखरे गेले असं नाही. खादी आणि मांजरपाट बाई आवडीनं घेतात. जॉर्जेट दिलं की ते पट्टीतल्या सुईच्या भोकातून खाली गिळून बसतात. तिथं खाली वर्तमानपत्राची पट्टी धरावी लागते, ती मागून फाडून काढता येते. जीन्सच्या जाड दुमडीपाशी फूट पुढून उचललं जातं आणि दातांची पकड सुटते. फुटाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची घडी सरकवली, की बाई कुरकुरत का होईना, पुढं निघतात.

उलटी टीप मात्र त्यांच्याकडं मागू नये. त्यांना ती येत नाही. शेवटाला टीप पक्की करायची तर कापडच फिरवून घ्यायचं. शेजारणीकडची उषा पुढं शिवते, तशी मागंही शिवते, आणि शेजारीण हे दर दोन दिवसांनी ओसरीवर येऊन सांगते. आजीबाई ऐकून घेतात. परवा एवढंच म्हणाल्या, ‘‘लई चालतीया ना तुझी? घे की मग, येवढं आमचं करडीचं तेल घालून बघ.’’